मिटत नाही अशी

मांडवीमागच्या गल्लीत जशुभाई पंचाल
वर्तमानपत्र पसरून त्यावर एकेक सुरी ठेवतात.
हातात देत नाहीत. हातोहात दिली की भांडण होतं,
हे आमच्यातही आहे, त्यांच्यातही.

"शाक समारवा, बेन?"
मी म्हणते, पावागढ. पायऱ्यांनी नाही, मागून.
ते चष्मा पुसतात.

घडीचा चाकू होता माझ्याकडे, लाल,
भाच्याने झुरिकहून आणलेला.
गेल्या माघात कड्यावर त्याच्या बिजागरीत माती बसली,
खाली उल्का लोंबकळतेय, वेणी कडीत ओढली गेलेली,
आणि मी दातांनी पातं उघडतेय.
उघडलं. वीतभर केस तिथेच राहिले.
तिने मला अस्सल गुजरातीत शिव्या दिल्या.

म्हणून आता न मिटणारी.
ही लांब, नारळाची. ती काळी, दातेरी, नुसती दिसायला.
आणि ही:
चार बोटं पातं, पोलाद मुठीतून आरपार,
शेवटी दोरी ओवायला भोक.
टोक मी घासून घेतलं,
ताणलेला दोर टोचणंही सोसत नाही.

"काट लागशे," जशुभाई बजावतात, "रोज तेल."
तेल मी गुडघ्यांनाही लावते.

सुतळी कापून पाहिली.
खालचा कागदही चिरला, सोन्याचा भाव मधोमध.
साडेसातशे. म्यान वेगळं.

खंडेराव मार्केटपर्यंत चालत आले
तर पिशवीत तिचं वजन लागेना,
दोनदा थांबून चाचपलं.

रविवारी वर, त्या पाटाएवढ्या कपारीवर
खाली ठेवायला जागा नसेल.
मूठ उल्काकडे करून
हातातच द्यावी लागेल.