मोरचुदाची नळी

दिवसा येऊन गेलो होतो मी इथं.
चौदा नंबरच्या खांबाशी माती ओली केली,
मोरचुदाची निळी नळी उभी धरली,
आकडा लिहिला : उणे एक पूर्णांक बारा.
सही केली. पाइप सुखरूप.

गोकुळ शिरगाव सोडलं की कागलच्या अंगाला
चार किलोमीटर हा नळ जमिनीखालनं जातो
आणि चारही किलोमीटर डोक्यावरनं
मोठ्या लाइनच्या तारा.
दोघांची गाठ कुठंच नाही.
मध्ये पाच पुरुष मोकळी हवा, उसाचा पाला,
दीड मीटर काळी माती.

तरी गेल्या महिन्यात खणलं तेव्हा
पाइपाला चिकटून बसलेलं एक आवाळू निघालं,
मातीचंच, पण दगडासारखं घट्ट.
दस्तगीरनं छिन्नीनं फोडलं.
आवरणाला टाचणीच्या डोक्याएवढं भोक
आणि खाली लोखंडात
अंगठा बसेल एवढा खळगा, गुळगुळीत,
कुणीतरी सवडीनं कोरल्यासारखा.

आवरण जागोजाग फाटकं असतं
तर एवढं झालं नसतं.
हे साहेबांना पटवायला दोन दिवस गेले माझे.
मैलभर धडधाकट कातडीत एकच छिद्र असलं
की आत साठलेलं सगळं
तिथूनच बाहेर पडायला बघतं.

म्हणून आज रात्रीचा आलोय.
ह्या आठवड्यात शेतीची लाइट बाराला येते.
दस्तगीर पुढं, काठी आपटत, बॅटरी पायांपुरती.
मीटरवरची कळ फिरवली.
बाराला पाच कमी. सहा व्होल्ट.
बारा.
आधी लांब ओढ्याकडं एक मोटर खाकरली,
मग दुसरी,
मग सगळं शिवार एकदम घुमायला लागलं,
वर तारांनी तोच सूर धरला
आणि माझ्या हातातला आकडा चढत गेला.
नऊ. तेरा. सतरा.
एकोणीसवर येऊन थरथरत राहिला.

"खांबाला हात लावू नकोस."
दस्तगीर आधीच दोन पावलं मागं.

"कोण हाय रं तिकडं?"
खांद्यावर खोरं, पायात गमबूट,
तानूबाई चौगुले, दारं धरायला आलेल्या.
"चोर न्हवं मावशी. पायपाचं दुखणं बघतोय."
त्यांनी वर बघितलं, खाली बघितलं.
"तार आभाळात, पायप मातीत.
शिवाशिव न्हाई, तर दुखणं कसलं?"
"शेजारनं नुसतं पळत राहिलं तरी होतं."

त्यांनी खोऱ्यानं एक दार मोडलं,
पाणी पुढच्या सरीत वळलं.
मग पाठमोऱ्याच म्हणाल्या,
"बांधापलीकडं धाकला दीर हाय माझा.
बारा वर्सं बोलणं न्हाई.
पर त्येची मोटर सुरू झाली
की घरात पडल्या जागी माझी झोप उडती."

सोमवारी चर मारू.
पाइपाच्या कडेनं जस्ताची पट्टी पुरू,
झिजायचं काम तिच्या वाट्याला.
मध्ये एक डबी बसवू :
जे बाहेरून आलं, जे सारखी दिशा बदलतं,
त्याला मातीत जाऊ देणारी
आणि आपलं एकमार्गी जे आहे
ते धरून ठेवणारी.
अशी डबी माणसासाठी मिळते का,
हे दस्तगीरनं विचारलं. मी हसलो नाही.

आता पुन्हा मोरचुदाची नळी लावायची तर
भेगाळलेली जागा कोरडी पडलेली.
तानूबाईंनी पाटातलं ओंजळभर पाणी आणलं,
नळीच्या बुडाशी हळू ओतलं.
पळणारा आकडा जागेवर बसला :
उणे एक पूर्णांक बारा.
दुपारी होता तोच.

दुपारची नोंद खोडली नाही मी.
ती खोटी नव्हती, अर्धी होती.
तिच्याशेजारी नवी ओळ आखली,
वेळ घातली.

"वरचा आकडा किती म्हनलास?"
"एकोणीस."
"लई हाय?"
"पंधराच्या आत पायजे."
"मग लिव की," त्या म्हणाल्या,
आणि चिखलातनं पाय उपसत
पुढच्या दाराकडं गेल्या.