शेपटीला धरू नकोस

शेपटीला धरू नकोस, सायमी.
ठाऊक आहे मला, वीस वर्षं मीही तशीच धरायचे:
दोन बोटांची चिमट, उचल, टाक पलीकडच्या पिंजऱ्यात.
तासाला ऐंशी पिंजरे व्हायचे.
आता साठ होतात.
होऊ देत.

ही नळी घे. आत आडवी ठेव
आणि थांब.
थांबणं हे इथलं निम्मं काम,
पगाराच्या कागदावर ते दिसत नाही.
बघ, आली. आधी मिशा, मग गुलाबी नाक,
मग सगळी एकदम,
जसं काही तिचंच तिनं ठरवलं.
आता हळूच उचल. दुसरं तोंड तळव्यानं झाक.

बाहेर उणे सव्वीस. कुओपिओचं तळं
ट्रक पेलेल इतकं गोठलंय.
आत बावीस, जूनमध्येही बावीस.
बावीस आपल्याला बरं; त्यांना हुडहुडी भरते.
म्हणून ते बांधत बसतात.
अ‍ॅस्पनचा हा कीस दे, चिमूटभर नाही, चांगला मूठभर.
माझे वडील, आउलिस, इसाल्मीकडच्या रानात
अ‍ॅस्पनच तोडायचे जन्मभर.
हलकं लाकूड, आगकाड्यांपलीकडे त्याला किंमत नाही, म्हणायचे.
त्यांना कधी सांगितलंच नाही
त्याचं इथं काय होतं ते.

घरट्याला गुण द्यायचे असतात.
नुसतंच कुरतडून सोडलेलं: एक.
बशीएवढं खोलगट: तीन.
भिंती चढून वर घुमट मिटला, की पाच.
सकाळी पाचाचं जिथं दोन झालं असेल
तिथं आधी वाक.
दुखणं ते दाखवत नाहीत;
कण्हणाऱ्याला घुबड उचलतं, हे त्यांच्या रक्तात आहे,
घुबड पाहिलेलं नसलं तरी.
दुखणं लपतं. घरटं नाही लपत.

नरांचा पिंजरा बदलताना
जुन्या घरट्यातलं थोडं नव्यात टाक.
सगळं चकचकीत केलंस, तर
सख्खे भाऊ एकमेकांना ओळखत नाहीत,
दुपारपर्यंत पाठी फाटलेल्या.
हसू नकोस.
माझ्या बहिणीनं आईची खोली
दोन दिवसांत घासूनपुसून काढली, पडद्यांसकट,
तेव्हापासून आम्ही बोलत नाही.

रेडिओ लाव, पण हळू. अत्तर लावून येऊ नकोस.
दार लोटू नकोस, आपटतं ते.
आणि आपल्याला जे ऐकू येत नाही
त्यालाही शांतता म्हणू नकोस:
पिल्लं हाक मारतात ती आपल्या कानांच्या वर कुठेतरी असते.
आईच तेवढी उठते.

आता गुरुवारचं.
चौथ्या रांगेतली बारा कार्डं उलटी केलेली दिसतील.
ग्रॅनफेल्ट स्वतः येतो, विद्यार्थ्यांना पाठवत नाही.
कँटीनमध्ये त्या दिवशी वाटाण्याचं सूप असतं,
तो ते घेत नाही. कॉफी घेतो,
कपाकडे बघत बसतो.
वाईट माणूस नाही.
चांगला आहे की नाही, ते मी इतक्या वर्षांत
ठरवू शकले नाही, त्याचं आणि माझंही.

तू काल विचारलंस:
शेवट ठरलेलाच, मग नळी काय आणि शेपूट काय?
मी तेव्हा पाण्याच्या बाटल्या मोजत होते.
खरं सांगायचं तर मोजून झाल्या होत्या.

उत्तर येत नाही मला.
एवढंच कळतं,
की जीव मुठीत धरून जगणं म्हणजे काय
ते इथं शब्दशः दिसतं:
जीव त्यांचा, मूठ आपली.
म्हणून मूठ करू नकोस. ओंजळ कर,
वरून थोडी उघडी ठेव, पळता येईल इतकी.
पळत नाहीत मग. काही तर
तिथंच बसून तोंड धुतात.

शुक्रवारी माझा बिल्ला खाली जमा करेन.
तू गुरुवारीही नळीच वापर.
त्या बारांनासुद्धा. विशेषतः त्या बारांना.

आणि मधल्या मापाचे हातमोजे संपलेत,
मी मागवलेत,
सोमवारी येतील.