सर्व्हिस खिडकी

बर्फाच्या कारखान्याचं हॉटेल करायचंय.
वास्को, खारीवाडा, जेटीपासून पावणेदोनशे पावलं.
मोजली, कारण कुडचडकर म्हणाले,
पाहुण्यांना बॅगा ओढत फार चालायला नको.

अकरा खोल्या. जास्त नकोत.
छताच्या लोखंडी कैच्या राहू देत, गंजासकट,
फक्त गंज हाताला लागता कामा नये.
खाऱ्या पाण्याची टाकी आहे तिचा पोहण्याचा तलाव,
निळा नको, काळ्या कडप्प्याचा,
फोटोत खोल दिसतो.
मी मान डोलावते. वहीत लिहिते: टाकी, काळी.

फाटक उघडायला इनास येतो.
एकोणतीस वर्षं तो काँप्रेसरपाशी होता,
आता किल्ल्यांपाशी आहे.
भिंतीवर बोट फिरवून ते चाखतो.
"मीठ," म्हणतो. "रंग काढ, गिलावा काढ,
हे येतच राहणार, बाय."
त्यावर आता केमिकल मिळतं, मी म्हणते.
तो हसत नाही,
हा त्याचा सभ्यपणा.

टाकीवर लाकडी झाकणं, ओळीनं,
प्रत्येकाखाली एक डबा, डब्यात एक लादी,
आज पाणी भरलं तर उद्या याच वेळेला तयार.
मी वरून चालते; पोकळ वाजतात.
त्या झाकणाच्या मापावर अख्खं हॉटेल बसवते:
चौदा झाकणं म्हणजे न्हाणीघर,
सत्तर म्हणजे खोली,
पलंग, दोन दिवे, बॅग उघडी ठेवायला जागा.
इतकं जमून येतं
की मला माझाच संशय येतो.

कचेरीच्या कपाटात
वाळवीनं अर्धं शिल्लक ठेवलेलं रजिस्टर.
जय सातेरी, वीस लाद्या. सांत आंतोन, पस्तीस.
मध्येच एक ओळ: चार लाद्या.
नाव नाही. पैशाच्या रकान्यात आडवी रेघ.
दहा पानांनी पुन्हा तसंच.

"मडें," इनास म्हणाला.
मग माझ्याकडे बघून, मराठीत:
"पोरगा बोटीवर असायचा, नाहीतर कुवेतला.
यायला दोन दिवस, तीन दिवस.
तोवर माणूस राखायला नको?
रात्री कोण ना कोण या खिडकीवर टकटक करायचं.
नाव मी विचारत नसे.
किती दिवस, एवढंच."

कुडचडकरांना हे सांगितलं
तर ते म्हणतील, वा, ही तर गोष्टच,
आणि मेनूकार्डाच्या पाठीवर छापतील.
किंवा म्हणतील, देवा, कुणाला कळू देऊ नका.
दोन्ही वाक्यं मला त्यांच्याच आवाजात ऐकू येतात.

खिडकी आली होती चार नंबरच्या उशाशी.
मी चार नंबर सव्वा मीटर सरकवला.
झाकणांचा हिशेब तिथे मोडला.
का मोडला, त्यांनी विचारलं.
ड्रेनेज, मी म्हटलं.
बारसाठी बर्फाचं यंत्र लागणारच होतं,
ते खिडकीमागे ठेवलं
आणि बारीक अक्षरात लिहिलं:
सर्व्हिस, साठ बाय पंचाहत्तर, गल्लीकडे उघडणारी.
"गल्लीकडे कशाला?"
"सप्लायर येतात."
ते पान उलटून उशांच्या अभ्र्यांकडे गेले.

इनासला नकाशा वाचता येत नाही.
त्यानं फाटकावर अंगठा ठेवला,
तिथून भिंतीभिंतीनं चालत आला
आणि बरोबर तिथेच थांबला.
"कडी कुठून?"
आतून, मी म्हटलं.
"मग रात्री आत कोण?"

कर्मचाऱ्यांच्या तक्त्यात
रात्रपाळी: एक. रिसेप्शन.
ते तर पार दुसऱ्या टोकाला,
काचेच्या दाराआड, एसीत,
तिथवर टकटक पोचायची नाही.
मी पेन्सिल कानामागे खोचली
आणि त्याला विचारलं,
तू झोपतोस कितीला?
"काँप्रेसर बंद झाल्यापासून," तो म्हणाला,
"झोप अशी नाहीच."