पाटी

तासगावात, स्टँडच्या मागं,
रफिक पेंटरनं ब्रश थांबवून विचारलं,
"नुसतं 'दोरकाम' लिहू, का आडनावासकट?"

मालन अवघडे घायपाताच्या पिशवीला
शेवटची गाठ मारत होती.
दातात धागा. बोलता येईना.

तिच्या आज्यानं वळलेला सोल
पाटलाच्या आडात रोज उतरायचा,
तळाचं पाणी चाखून वर यायचा.
आजा मात्र काठापासून दहा पावलं लांब,
ओंजळ करून.

भिंतीवर हलगी टांगलीय,
विकायची नाही.
गिऱ्हाईक आलं की पोरगं एकदा वाजवतं,
भाव सांगायच्या आधी.

धागा तोडून ती म्हणाली,
"आडनाव मोठं लिही.
उरल्या जागेत
दोरकाम मावतंय का बघ."