अजून दोन हिवाळे

तीन ठेकेदार येऊन गेले.
आकडे तिघांचे तीन, मान हलवणं एकच.
सगळ्यात स्वस्त आकडाही
रेजिनाच्या नव्या गुडघ्यापेक्षा जड.
"आधी गुडघा," ओनेझिम म्हणाला.
"आधी छप्पर," रेजिना म्हणाली.
भांडण मिटलं ते डांबराच्या एका डब्यावर,
पाच पौंड खिळ्यांवर
आणि अजून दोन हिवाळ्यांवर.

मेनच्या उत्तर टोकाला, जिथे नदीपलीकडे कॅनडा,
घरांवर कौलं नसतात;
मग कौल तरी कुणाला मागावा?
डांबरी शिंगलांचे खवले असतात, एकावर एक,
म्हाताऱ्या माशासारखे.
ऊन चढेपर्यंत थांबावं लागतं.
गारठ्यात उचललं की शिंगल पापडासारखं मोडतं.

अकरा वाजता तो चढला.
पन्हळीत ओंजळभर काळे दाणे:
छपराचं वय, वाळूत मोजलेलं.
उत्तरेच्या उतारावर शेवाळ. ते खरवडायचं नाही,
मऊ झाडूनं, वरून खाली,
झोपाळू पोराचे केस विंचरावेत तसं.
चिमणीच्या गळ्यातला पत्रा सुटलेला.
तिथे डांबर, बोटानं, जरा जास्तच.

मग ते सातवं शिंगल.
सपाट पहार खाली सरकवली, अलगद.
खिळा वर आला, उलट्या बाजूला कललेला.
शेजारचाही. त्याच्या शेजारचाही.
डावखुऱ्या आल्सीडनं, त्याच्या सासऱ्यानं ठोकलेले,
ज्या उन्हाळ्यात दोघं बोलत नव्हते.
ओनेझिम खालून गठ्ठे वर देत होता,
आणि शिव्या दोघांच्याही फ्रेंच होत्या, पण मनातल्या.
एक खिळा त्यानं खिशात टाकला.
बाकीचे डब्यात.

शेडमध्ये त्याच गठ्ठ्यातली अकरा शिंगलं उरली होती.
एकाच कारखान्याची, एकाच दिवसाची.
वर बसवली तेव्हा कळलं,
ज्यांनी सव्वीस वर्षं ऊन पाहिलं नाही
ती अजून काळीभोर आहेत.

"रस्त्यावरून ठिगळ दिसतं!" रेजिना खालून ओरडली,
शिडी धरून, सगळा भार बऱ्या पायावर टाकून.
"दिसू दे. पाण्याला रंग कळत नाही."

रात्री पाऊस आला.
माळ्यावरची बादली कुणीच काढली नव्हती,
न ठरवता.
एक वाजता टप् झालं.
दोघं जागेच होते, पुढच्या टप्‌ची वाट पाहत,
बराच वेळ.
"गुडघा दुखतोय?" त्यानं विचारलं.
"श्श," ती म्हणाली, "ऐक ना."