डब्यात डबे

छपराला सात भोकं.
सातही माझ्या बापाने, वराज्दातने,
मटाराच्या डब्यांची झाकणं ठोकून बुजवली.
आडवं पडलं की वर दिसायचे सात चंद्र,
गंजक्या कडांचे, कधीच न मावळणारे.
एकावर कारखान्याचा ठसा होता : पाळी दुसरी.
लहानपणी मला वाटायचं
आकाशातही पाळ्या असतात.

आमचं घर हाही मुळात डबाच.
रेल्वेचा, मालगाडीचा.
भूकंपाच्या हिवाळ्यात पिठाने भरून
ग्युम्रीला आलेला.
पीठ वाटून झालं, डबा उरला,
आणि उरलेल्या डब्यात
आम्ही, उरलेले.
दोन वर्षांपुरतं, म्हणाले होते.
मी त्यात जन्मले. आता माझी नाझेली दुसरीत आहे.

आई गहू मोजते आटवलेल्या दुधाच्या डब्याने.
हरिसाला दोन डबे, पाहुणे असले तर तीन.
किलोत किती, असं विचारलंत
तर आमच्या घरात सगळे एकमेकांकडे बघतात.

वीज दिवसाला तासभर यायची त्या वर्षांत
माशांच्या चपट्या डब्यात तेल,
तेलात बटाट्याची चकती, चकतीतून वात.
त्या उजेडात मी अक्षरं गिरवली.
त्या वह्यांना अजून माशाचा वास येतो, आई म्हणते.
नाही येत. मी हुंगून पाहिल्यात.

मेयॉनेझच्या बादल्यांत टोमॅटोची रोपं.
मुरांब्याची एक बरणी शेजारच्या शुशानिकची,
की आमची?
भांडं रिकामं परत करायचं नाही,
ही तिकडचीही रीत, इकडचीही.
म्हणून एकोणीस वर्षं ती बरणी
जर्दाळू, लोणचं, मध, परत जर्दाळू,
अशी दोन दारांमध्ये येरझाऱ्या घालतेय.
मध्यंतरी भांडण झालं, बोलणं बंद होतं,
तरी बरणी चालू होती.

आणि कॉफीचा डबा. त्यात बटणं.
कपडे गेले, बटणं राहिली.
एक मोठं, निळं,
शाळेच्या कोटाचं. मी न पाहिलेल्या भावाचं.
तो डबा आई पुसते, पण हलवत नाही.
आवाज होतो.

मग गेल्या शरदात पत्र आलं.
फ्लॅट. तिसरा मजला. पांढऱ्या दारांची कपाटं.
माझा नवरा म्हणाला, आता तरी हा भंगार-बाजार सोडा.
बाप काही बोलला नाही.
शेवटच्या दिवशी पक्कड घेऊन छपरावर चढला
आणि एक झाकण उपटून खाली आला.
दुसऱ्या पाळीचं.
भोकातून उजेडाची एक काठी
थेट नाझेलीच्या डोक्यावर टेकली.
ती हलेचना.

नव्या घरात काहीच गळत नाही.
बाप दोन दिवस या खोलीतून त्या खोलीत.
तिसऱ्या दिवशी जेवायला बसलो आणि टेबल डुगडुगलं.
नवी फरशी, पण एका कोपऱ्यात खचलेली!
त्याचा चेहरा असा फुलला
की आईने चमचा खाली ठेवला.
झाकण दुमडून पायाखाली सारलं,
वर मूठ आपटून पाहिली.
कॉफीच्या डब्यात बटणं किणकिणली.
आईने ऐकलं. काही म्हणाली नाही.

वसंतात क्रेन आली.
जुना डबा कुणी मधमाश्यावाल्याने घेतला होता.
पोळ्यांच्या पेट्या ठेवायच्या, तो म्हणाला,
फक्त दोन हिवाळ्यांपुरत्या.

दोन, बाप म्हणाला. मान डोलवली.
साखळ्या ताणल्या, डबा जमिनीवरून उठला,
खाली चौकोनी, फिकट गवत,
तेहतीस वर्षं ऊन न पाहिलेलं.
बाप क्रेनमागे चार पावलं धावला :

अहो, सहा भोकं बुजवलेली आहेत,
सातवं तेवढं बघा.
मटाराचं झाकण बरोब्बर बसतं.