काय येतं

कारखाना बंद होऊन एकोणीस दिवस झाले.
धुराडं इतकं गार पडलंय
की त्यावर आता कावळे बसतात.

राकेल हुट्टुनेन माझ्या टेबलासमोर बसली आहे,
कोट न काढता,
पाच मिनिटांचंच काम असल्यासारखी.

फॉर्मवर चौथा रकाना:
तुम्हाला काय काय येतं? जास्तीत जास्त दहा.
"काही नाही," ती म्हणते. "मशीनवर होते."
तीन नंबरच्या. एकोणतीस वर्षं.

फिनलंडच्या या तळ्याकाठी
कुणाला स्वतःबद्दल चांगलं बोलायला सांगणं म्हणजे
जानेवारीत त्याला बर्फावर अनवाणी उभं करणं.
मीही इथलाच.
आई म्हणायची, हळू बोल, बर्फालाही कान असतात.

मी फॉर्म बाजूला सारतो.
कचेरीचं एक माहितीपत्रक तिच्या हातात देतो,
न वाचता ती ते अंगठा आणि बोटात चोळते.
"ऐंशी ग्रॅमचा."
थांबते.
"ओल धरलीय. तुमची कपाटं बाहेरच्या भिंतीला आहेत का?"

आहेत.

मग हळूहळू, एकेक वाक्य जड पेटीसारखं उचलत,
ती सांगते:
कागद तुटायच्या आधी मशीनचा आवाज बारीक होतो,
दूध उतू जाण्याआधी पातेलं गप्प होतं ना, तसा.
कानांना झापडं असतात, म्हणून तो पायांतून ऐकायचा.
"मग?"
"मग हात वर करायचा."
"वेळ किती मिळतो?"
"चार सेकंद. पुरतात."

मी लिहितो: ऐकणे. खोडतो.
संगणकाच्या यादीत आहेत
संघभावना, ताण सोसण्याची क्षमता, लवचिकता.
"लवचिकता कुणाची?" ती विचारते. "कागदाची की माझी?"
हसत नाही. मीच हसतो, एकटा,
आणि खोकल्याचं नाटक करतो.

"नव्या पोरांना कोण शिकवायचं?"
"शिकवायचं काय त्यात.
पहिला आठवडा कशाला हात लावू द्यायची नाही.
नुसतं उभं राहा, म्हणायची.
ज्याला उभं राहणं येतं, त्याला पुढचं येतं."
"अशी किती पोरं?"
ती मनात मोजते, ओठ किंचित हलतात. "चाळीसेक."
"कुणाची बोटं वगैरे गेली?"
"नाही, कुणाचीच नाही," ती म्हणते,
जणू माझी निराशा केल्याची माफी मागतेय.

न गेलेली चारशे बोटं
कुठल्या रकान्यात लिहायची?
वरिष्ठांना विचारायला हवं.
वरिष्ठ वसंतापर्यंत रजेवर आहेत.

वृद्धाश्रमात रात्रपाळीची जागा आहे, मी सुचवतो,
झोपलेल्यांवर लक्ष ठेवायचं, शांत काम,
तुमच्या कानांना जमेल.
ती खिडकीबाहेर बघते.
"तिथे माणसं असतात.
त्यांचा आवाज कधी बारीक होतो, ते मला नाही येत.
पाउलीच्या वेळी मी शेजारीच झोपले होते."

पाउली कोण, हे मी विचारत नाही.
भिंतीवरचं घड्याळ काम करत राहतं.
बराच वेळ.
एवढं मात्र मला येतं,
पण माझ्या फॉर्मवर मी ते कधी लिहिलं नाही,
आणि मलाही फॉर्म भरायचाच आहे,
मेमध्ये ही कचेरी शेजारच्या शहरात विलीन होते.

साडेतीनला काळोख होतो.
ती उठते, हातमोजे चढवते, दारापर्यंत जाते.
चौथ्या रकान्यात अजून एकच खोडलेला शब्द.
"सोमवारी या," मी म्हणतो.
ती मान हलवते, जात मात्र नाही.
हातमोजे पुन्हा काढते, खिशात कोंबते,
आणि कपाटाचं एक टोक धरून वाकते.

"त्या बाजूनं धरा.
पाठीनं नाही, गुडघ्यांनी.
मी सांगेन तेव्हा."